परीलोकातला करार : एका वाचनवेडामागचा जुना इतिहास

१/
थ्रेड : ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील युटा राज्याने तेरा पुस्तकांची एक यादी प्रसिद्ध केली. राज्यातील कोणत्याही सरकारी शाळेत ही पुस्तके ठेवता येणार नाहीत, असा तिचा अर्थ. तेरांपैकी सहा पुस्तके सारा जे. मास या एकाच लेखिकेची, आणि त्या सहांपैकी पाच एकाच मालिकेची. मालिकेचे नाव ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’. विषय : परीलोकातील राजपुरुष आणि एक मर्त्य मुलगी यांचे प्रेम. #म #इतिहास

२/
मालिकेचा पहिला भाग २०१५ साली आला. फेयरा नावाची एकोणीस वर्षांची मुलगी उपाशी कुटुंबासाठी जंगलात शिकार करते आणि एका लांडग्याला मारते. तो लांडगा प्रत्यक्षात परीलोकातला निघतो. त्या जिवाच्या बदल्यात टॅमलिन नावाचा परीलोकातील अधिपती तिला आपल्या राज्यात घेऊन जातो. करोनाच्या काळात छोट्या चित्रफितींच्या समाजमाध्यमांवर वाचकांनी या मालिकेला अक्षरशः डोक्यावर घेतले. मास यांच्या पुस्तकांच्या कोट्यवधी प्रती खपल्या, आणि पुस्तकांच्या दुकानांत प्रणय व अद्भुत यांच्या मिश्रणाला ‘रोमँटसी’ नावाची स्वतंत्र फळी मिळाली.

३/
या मालिकेची वाचक कशी असते, हे आता सर्वांच्या परिचयाचे आहे. ती सहाशे पानांचा दुसरा भाग दोन रात्रींत संपवते. टॅमलिन की रायसँड, या प्रश्नावर मैत्रिणींशी वाद घालते. व्हेलारिस या काल्पनिक नगरीची चित्रे भिंतीवर लावते. मुंबई-पुण्याच्या दुकानांतूनही ही पुस्तके इंग्रजीत सर्रास मिळतात, तेव्हा हे दृश्य मराठी घरांतही नवे राहिलेले नाही.

४/
तिच्यावर दोन बाजूंनी टीका होते. पहिली बाजू युटाची : पुस्तके अश्लील आहेत. दुसरी बाजू सुशिक्षितांची, आणि ती अधिक बोचरी. या बाजूचे म्हणणे असे की, युरोपातील प्राचीन लोककथांचे हे बाजारू विटंबन आहे. निरागस परीकथेत शरीरसंबंध आणि दंड फुगवलेले राजपुत्र घुसवले, इतकेच. पहिल्या टीकेचा निकाल पालक, शाळा आणि न्यायालये लावतील. दुसरी टीका मात्र इतिहासाविषयी विधान करते, आणि ते विधान चुकीचे आहे.

५/
आधी शब्द. मराठीत ‘परी’ म्हटले की पंखांची, चांदणीच्या काठीची, लहान मुलांच्या गोष्टीतली परी डोळ्यांसमोर येते. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. इंग्रजीतल्या ‘फे’ या शब्दाचे कूळ निराळे : लॅटिनमधील नियतीवाचक ‘फाटा’, त्यावरून जुन्या फ्रेंचमधले रूप, आणि तेथून इंग्रजीत. म्हणजे मुळातच हा शब्द दैवाशी, विधिलिखिताशी जोडलेला. मराठी मनाला ‘फे’ समजून घ्यायचे असतील तर परीपेक्षा पाणवठ्यावरच्या साती आसरा अधिक जवळच्या. सुंदर, मानी, कोपल्या तर माणूस झपाटणाऱ्या. ज्यांचे नाव संध्याकाळी विहिरीवर कोणी मोठ्याने घेत नाही.

६/
निरागस, चिमुकली, पंखवाली परी ही प्रामुख्याने नंतरच्या साहित्याची, रंगभूमीची आणि व्हिक्टोरियन चित्रकारांची देणगी आहे. तिचा शेवटचा मोठा विजय १९१७ सालचा. यॉर्कशायरमधील कॉटिंग्ली येथे सोळा वर्षांची एल्सी राइट आणि नऊ वर्षांची फ्रान्सिस ग्रिफिथ्स यांनी पऱ्यांसोबतची छायाचित्रे काढली; १९२० साली शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी ‘स्ट्रँड’ मासिकातून ती खरी म्हणून जगापुढे ठेवली. पुस्तकातल्या चित्रांवरून कागदी आकृत्या बनवल्या होत्या, याची कबुली दोघींनी म्हातारपणी, १९८३ मध्ये दिली. आज ज्या परीला ‘मूळची’ समजून तिच्या पावित्र्याची राखण केली जाते, ती ही कागदाची परी.

७/
मास यांच्या नायकाचे नाव टॅमलिन आहे, हा योगायोग नाही. ‘टॅम लिन’ हे स्कॉटलंडचे जुने कथागीत. १५४९ च्या सुमारास छापलेल्या एका स्कॉटिश ग्रंथात या कथेचा उल्लेख सापडतो. कथेची जागाही नकाशावर दाखवता येते : सेल्कर्कजवळ एट्रिक आणि यॅरो या नद्यांच्या संगमापाशी असलेले कार्टरहॉ. त्या रानात टॅम लिन असतो. तेथे जाणाऱ्या मुलीला अंगठी, अंगावरचे वस्त्र किंवा कौमार्य, यांपैकी काहीतरी मागे ठेवावे लागते, अशी ताकीद दिलेली असते. जॅनेट ताकीद ऐकते आणि तरीही जाते. ही जमीन माझ्या वडिलांनी मला दिली आहे, येथे येण्यासाठी तुझी परवानगी कशाला, असा तिचा बाणा.

८/
पुढे ती गरोदर राहते. बापाच्या घरी कुजबुज सुरू होते. ती पुन्हा रानात जाऊन एक वनस्पती तोडू लागते, आणि ती कशासाठी हे ऐकणाऱ्या प्रत्येक बाईला न सांगता कळत असे. तेव्हा टॅम लिन आपली हकिगत सांगतो. तो मूळचा माणूसच. घोड्यावरून पडला असता परीलोकाच्या राणीने त्याला उचलले. दर सात वर्षांनी परीलोकाला नरकाचा कर भरावा लागतो आणि या खेपेस तो कर आपणच ठरू, ही त्याची भीती. हॅलोवीनच्या रात्री परींची स्वारी निघेल. जॅनेटने त्याला घोड्यावरून खाली ओढायचे आणि काहीही झाले तरी सोडायचे नाही. तिच्या मिठीत तो साप होतो, हिंस्र पशू होतो, तापलेले लोखंड होतो. ती सोडत नाही. शेवटी उरतो तो उघडा माणूस, आणि ती त्याला आपल्या अंगावरच्या हिरव्या वस्त्राने झाकते.

९/
निरागस परीकथा ती हीच काय? विवाहपूर्व संबंध, गर्भ पाडण्याचा विचार, बापाच्या घरातला अपमान, आणि हे सारे पेलून आपल्या माणसाला स्वतःच्या दोन हातांनी सोडवणारी मुलगी. रॉबर्ट बर्न्सने दिलेला या गीताचा पाठ १७९६ मध्ये छापला गेला. म्हणजे ‘बाजारू’ होण्यापूर्वीही कथेचे अंतरंग असेच होते.

१०/
अशी गीते कोणी जपली, हेही पाहण्यासारखे आहे. अॅबर्डीनच्या एका प्राध्यापकाची मुलगी अॅना गॉर्डन हिने अनेक कथागीते आई, मावशी आणि घरातली जुनी मोलकरीण यांच्या तोंडून शिकली होती; परीलोकाच्या राणीबरोबर गेलेल्या टॉमस रायमरच्या गीताचा प्रसिद्ध पाठ तिच्याकडूनच मिळाला. वॉल्टर स्कॉट याने १८०२ पासून सीमाप्रदेशातली गीते छापली तेव्हा कवी जेम्स हॉगची आई मार्गारेट लेडलॉ त्याला तोंडावर म्हणाली की, ही गीते गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती. छापून तुम्ही त्यांचा नाश केलात. संग्राहक पुरुष, पण गीतांचा साठा स्वयंपाकघरात आणि सूत कातणाऱ्या बायकांच्या गळ्यात. आज रात्री जागून मैत्रिणीला पुढचा भाग सुचवणारी वाचक याच वाटेने चालते आहे.

११/
आता कथागीतांकडून न्यायालयाच्या दप्तराकडे. ८ नोव्हेंबर १५७६ रोजी एडिंबरा येथे एअरशायरमधील डॅल्री गावच्या बेसी डनलॉप हिच्यावर चेटूक केल्याचा खटला चालला. तिने सांगितलेली हकिगत दप्तरात नोंदली गेली आणि म्हणून ती आज आपल्यापर्यंत पोहोचली. बेसी नुकतीच बाळंत झाली होती. नवरा आजारी, मूल आजारी, गाय मरायला टेकलेली. रडत रडत गुरे हाकत असताना तिला करड्या दाढीचा एक माणूस भेटला. त्याचे नाव थॉम रीड. हा थॉम १५४७ च्या पिंकीच्या लढाईत मेला होता.

१२/
थॉमने तिला सांगितले की, गाय मरेल, मूल मरेल, पण नवरा उठेल. पुढे तो तिला औषधी वनस्पती सांगू लागला, चोरीला गेलेल्या वस्तूंचा माग देऊ लागला. एकदा त्याने तिला बारा जणांपुढे नेले : आठ बायका, चार पुरुष. ते परीलोकाचे लोक होते. त्यांनी विचारले, बेसी, येतेस का आमच्याबरोबर? ती काहीच बोलली नाही. नंतर थॉमने समजावले की तिथे गेलीस तर खायला-ल्यायला चांगले मिळेल. बेसीचे उत्तर दप्तरात आहे : ती आपल्या नवऱ्याबरोबर आणि पोरांबरोबर राहते आणि त्यांना सोडून जाऊ शकत नाही. थॉम रागावला. एकदा तर त्याने तिच्या पदराला, म्हणजे कमरेच्या एप्रनला, धरून ओढले.

१३/
आणखी एक तपशील. बेसी बाळंतपणात असताना एक धिप्पाड बाई घरात आली, बाकावर बसली आणि तिने प्यायला मागितले. बेसीने दिले. ती बाई मूल जाणार असे सांगून निघून गेली. ती परीलोकाची राणी होती, असे थॉमने पुढे बेसीला सांगितले. ना रत्नजडित मुकुट, ना चांदीचा रथ. दारात आलेली एक तहानलेली बाई. अन्न, मूल, गाय, नवरा यांच्या पलीकडे बेसीच्या परीलोकात काही नाही. तिने परीलोकाला नकार दिला होता. तरी त्या लोकांशी बोलणे हाच गुन्हा ठरला. ती दोषी ठरली आणि जाळली गेली.

१४/
एकटी बेसीच नव्हे. १६६२ साली ऑल्डर्न येथील इझोबेल गाउडी हिच्या जबाबांतही परीलोकाची सुंदर वस्त्रे ल्यालेली राणी येते. अॅबरफॉइलचे धर्मोपदेशक रॉबर्ट कर्क यांनी १६९१-९२ च्या सुमारास परीलोकावर एक गंभीर ग्रंथ लिहिला. परींच्या मुलांना दूध पाजण्यासाठी आपल्याला बाळंतपणात उचलून नेले होते, असे सांगणाऱ्या बायका त्यात येतात. आणि असे होऊ नये म्हणून बाळंतिणीच्या अंथरुणात लोखंडाचा तुकडा ठेवण्याची रीतही. मराठी घरांत बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवला जाई, हे ज्यांनी आजीकडून ऐकले आहे त्यांना याचे स्पष्टीकरण नको. प्रसूतीत बायका आणि मुले सतत मरत होती. ‘नेले’ हा शब्द त्या मृत्यूंसाठीच होता.

१५/
यापुढची घटना मध्ययुगातली नाही. आयर्लंडच्या टिपेररी परगण्यात बॅलीव्हॅडली येथे ब्रिजेट क्लिअरी राहत होती. वय पंचविशीच्या आसपास. कपडे आणि टोप्या शिवायची. घरात शिवणयंत्र होते, कोंबड्या होत्या, अंड्यांचे पैसे तिचे स्वतःचे. नवरा मायकेल पिंप बनवणारा कारागीर. मूल नव्हते. मार्च १८९५ मध्ये ती आजारी पडली. डॉक्टर येऊन गेला, धर्मगुरू येऊन गेले. नवऱ्याने मात्र ठरवले की ही आपली बायकोच नव्हे. परींनी खरी ब्रिजेट नेली आणि तिच्या जागी दुसरीच कोणी ठेवली.

१६/
१४ मार्चच्या रात्री नातेवाइकांनी तिला धरून ठेवले, वनस्पतींचा काढा बळेच पाजला, चुलीच्या विस्तवावर धरले, आणि तू ब्रिजेटच आहेस का, असे पुन्हापुन्हा विचारले. त्या खोलीत तिचे वडील होते, आतेभाऊ होते. १५ मार्चला मायकेलने तिच्यावर दिव्याचे तेल ओतले आणि तिला जाळले. आठवड्याने प्रेत सापडले. क्लॉनमेल येथे खटला चालला. मायकेलवर सदोष मनुष्यवधाचा आरोप सिद्ध झाला, वीस वर्षांची सक्तमजुरी झाली आणि तो १९१० मध्ये सुटला.

१७/
प्रेत सापडण्याआधीच्या त्या दिवसांत मायकेल रात्री जवळच्या एका जुन्या गोल गढीपाशी जाऊन वाट पाहत होता. अशा गढ्या परींच्या मानल्या जात. खरी ब्रिजेट घोड्यावर बसून तिथून बाहेर येईल, मग काळ्या मुठीच्या सुरीने दोर कापून तिला सोडवायचे, असे तो सांगत होता. म्हणजे टॅम लिनचीच कथा, फक्त उलटी. जॅनेटच्या हातात आपला माणूस साप झाला, निखारा झाला, तरी तिने त्याला ओळखले आणि सोडले नाही. मायकेलपुढे बायको माणसाच्याच रूपात, स्वतःच्या नावाला ‘हो’ म्हणत होती आणि त्याला ती ओळखता आली नाही.

१८/
लंडनच्या काही वृत्तपत्रांनी या खटल्याचा उपयोग आयरिश लोक स्वराज्याला कसे अपात्र आहेत, हे दाखवण्यासाठी केला. असले युक्तिवाद आपल्याकडेही वसाहतकाळात भरपूर झाले. अभ्यासक अँजेला बर्क यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात अधिक नेमका प्रश्न विचारला : स्वतःचे पैसे मिळवणारी, नेटकी राहणारी, मूल नसलेली बाई गावाला खुपत असेल, तर ‘ती बदललेली आहे’ ही भाषा कोणाच्या कामी येते? परींवरील श्रद्धा हे या घटनेचे संपूर्ण कारण नव्हते. कोणावर अविश्वास दाखवायचा, हे ठरवण्याचे ते एक तयार साधन होते.

१९/
हा सारा इतिहास डोळ्यांसमोर ठेवून मास यांची मालिका पुन्हा उघडली, तर तिचे वेड निव्वळ पोरकट वाटत नाही. पहिल्या भागात फेयरा टॅमलिनसाठी पर्वताखालच्या दरबारात तीन दिव्ये पार पाडते, ती जॅनेटच. पण दुसऱ्या भागात लेखिका एक धीट पाऊल टाकते. सोडवलेला टॅमलिन संरक्षणाच्या नावाखाली फेयराला वाड्यात कोंडतो. कथागीत ज्या मिठीशी संपते त्यानंतरचे घर कसे असेल, असा प्रश्न तिथे उभा राहतो. बहुसंख्य वाचक मालिकेच्या प्रेमात पडतात ते याच वळणावर. कोंडलेल्या बाईचे म्हणणे तेथे कोणीतरी ऐकून घेते, आणि ती जिवंत बाहेर पडते. बेसी आणि ब्रिजेट या दोघींनाही हे लाभले नव्हते.

२०/
याचा अर्थ मालिका निर्दोष आहे असा नाही, आणि वाचकांनीही तसा आव आणू नये. ज्याच्याशी फेयरा करार करते तो रायसँड पाचशे वर्षांचा, गर्भश्रीमंत आणि अजिंक्य. अशा माणसाशी झालेला करार बरोबरीचा कसा, हा प्रश्न पुस्तक फार लवकर गुंडाळते. लोखंडाची भीती ही माणसांची भाकडकथा होती, असे ही मालिका सांगून टाकते, आणि त्याबरोबर बाळंतिणीच्या उशाशी ठेवलेले ते शेकडो वर्षांचे भयही पुसले जाते. होली ब्लॅक यांची २०१८ ची ‘द क्रूएल प्रिन्स’ या बाबतीत अधिक चाणाक्ष आहे. तेथील परींना खोटे बोलता येत नाही. नायिकेला येते, आणि मर्त्य असण्याचे तेच तिचे बळ ठरते.

२१/
मास यांच्या परीलोकात गायी नाहीत. हा विनोद वाटेल, पण उणीव खरी आहे. बेसीच्या जगात परीलोकाचे आमंत्रण आणि मरू घातलेली गाय एकाच वाक्यात येतात, म्हणून त्या आमंत्रणाला वजन आहे. फेयराच्या जगात उपासमार पहिल्या काही प्रकरणांपुरती. मग मेजवान्या, रेशमी वस्त्रे, तारे. नकार देण्यासारखे फारसे उरतच नाही. जुन्या कथांत ‘नाही’ म्हणणाऱ्या बाईजवळ घर होते, पोरे होती, शेजार होता. तो शेजार जुलमीही होता, हे ब्रिजेटच्या खोलीत दिसले. पण त्याला वगळून परीलोकाचा मोह कळत नाही.

२२/
तरीही तोल वाचकाच्याच बाजूने झुकतो. जे म्हणतात की तिने ‘खऱ्या’ लोककथा वाचाव्यात, त्यांनी तिला जरूर टॅम लिन द्यावे, बेसीचा जबाब द्यावा; ती ते आवडीने वाचेल, कारण त्यातले सारे तिच्या ओळखीचे आहे. देऊ नये ती फक्त कॉटिंग्लीची कागदी परी.

२३/
युटाच्या त्या यादीत २०२१ साली आलेला पाचवा भाग, ‘अ कोर्ट ऑफ सिल्व्हर फ्लेम्स’, हाही आहे. त्यात फेयराची थोरली बहीण नेस्टा डोंगरातल्या एका ग्रंथालयात पुस्तके लावण्याचे काम करते. तिथे राहणाऱ्या स्त्रिया अत्याचारातून वाचून आश्रयाला आलेल्या आहेत. नेस्टाला आणि तिच्या मैत्रिणींना प्रणयकादंबऱ्यांचे वेड असते. एकीने वाचून झाली की ती दुसरीकडे जाते.